मामांच्या हॉटेलात जागा आसा

आख्ख्या गोव्यात ‘जागा नाही’ हे दोन शब्द ज्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नाहीत, असे एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते माझे मामेसासरे होते. हे मी नात्याच्या अभिमानाने सांगत नाही. या एका गुणापायी त्यांनी आम्हाला जे जे भोगायला लावले ते आठवले, की अभिमान आपोआप आवरता घ्यावा लागतो. पण गोष्ट खरी आहे. दारात माणूस उभा राहिला की मामांचे तोंड आपसूक उघडायचे आणि आतून ‘आसा आसा, जागा आसा, भितर येयात!’ बाहेर पडायचे. माणूस कोण, कशाला आला, खरोखर जागा आहे की नाही, हे प्रश्न त्यांना नंतर सुचत. पुष्कळदा सुचतही नसत.

डिचोलीच्या नदीकाठी त्यांचे दुमजली हॉटेल होते. पोर्तुगीज अमदानीत मामांच्या आजोबांनी बांधलेले. तांबड्या भिंती, शिंपल्यांची तावदाने लावलेली जनेले, वर नदीकडे उघडणाऱ्या खोल्या, खाली जेवणाचे भले मोठे दालन, ज्याला गोव्यात साल म्हणतात, आणि दारापुढे बसायला ऐसपैस बाल्कांव. त्या काळी पणजीहून लाँच यायची. लोक तिला गॅसोलीन म्हणत. परतीची गॅसोलीन चुकली की वकील, व्यापारी, भटजी, देवदर्शनाला निघालेली कुटुंबे, सगळे मामांच्या दारात! खोल्या भरल्या की सालीतली मेजे जोडून त्यांवर गाद्या पडत. मेजे संपली की बाल्कांवात पथाऱ्या. तिथेही माणूस मावेनासा झाला की मामा स्वतःच्या खाटेवर गिऱ्हाईक निजवून आपण काउंटरमागे बसल्या बसल्या घोरत. वर सकाळी त्या गिऱ्हाइकालाच विचारत, ‘न्हीद बरी आयली न्हय?’

मी बांद्याची. लग्न होऊन डिचोलीत आले आणि नवऱ्याबरोबर मामांच्या पाया पडायला गेले. मी वाकले, तर आशीर्वाद द्यायच्या आधी मामांनी विचारले, ‘कितले दीस मुक्काम?’ मी गांगरून नवऱ्याकडे पाहिले. त्याला सवय होती. ‘जल्मभराचो,’ तो म्हणाला. मामांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ‘मागीर न्हंयेकडली खोली घे गो बाये, वारो बरो येता,’ असे म्हणून त्यांनी माझ्या हातात खरोखरच एक चावी ठेवली. चावी कसली, नारळाचे आख्खे सोडण होते ते! त्याच्या टोकाला एक लहानशी किल्ली लटकत होती. पूर्वी एक पाहुणा खोलीची चावी खिशात घालून मुंबईला निघून गेला होता, तेव्हापासून प्रत्येक चावीला मामांनी एकेक वाळलेले सोडण बांधून टाकले होते. ‘खिशांत वचना आनी न्हंयेंत पडली तरी बुडना,’ हे वर. नवी नवरी मी, एका हातात हळदीकुंकवाचे ताट आणि दुसऱ्या हातात सोडण घेऊन सासरी परतले. सासूबाईंनी एक शब्द विचारला नाही. भाऊ कसला आहे हे त्यांना ठाऊक होते.

मामांच्या लेखी जगातला प्रत्येक जण पाहुणा होता. आमच्या थोरल्याच्या बारशाला पाळण्यावर वाकून ते त्याला म्हणाले, ‘येयात, येयात! प्रवास बरो जालो न्हय?’ आणि घसा कोरडा पडला असेल म्हणून त्याच्या आईला, म्हणजे मला, ताबडतोब आत पिटाळले. देवळात गेले की गाभाऱ्यात डोकावून पुजाऱ्याला सांगत, ‘देवाक मात्सो वारो जाय, जनेल काढ एक.’ कुणाच्या घरी जेवायला गेले तरी निघताना त्यांच्याच यजमानाला ‘परत येयात’ म्हणत. त्यांच्या डोक्यात कुठेतरी पक्के बसले होते, की हे सगळे गाव आपल्याच हॉटेलाचा विस्तार आहे.

हॉटेलाचे त्यांचे कायदे होते. पहिला कायदा, जेवल्याशिवाय कुणाची कागाळ ऐकायची नाही. पंखा चालत नाही? जेवा. शेजारचा घोरतो? जेवा. जेवून झाल्यावर निम्म्या लोकांना कागाळी आठवत नसे. दुसरा कायदा माझा फार आवडता. दोन पाहुण्यांचे भांडण झाले की मामा त्यांना मुद्दाम एकाच मेजावर समोरासमोर बसवत, मधे लोणच्याची एकच बरणी ठेवत, आणि आत जाऊन आचाऱ्याला सांगत, ‘आज मीठ-तिखट उणें घाल.’ जेवण असे मिळमिळीत, की लोणच्यावाचून घास उतरू नये! एकदा एका दारूच्या व्यापाऱ्याचे आणि एका भटजींचे जनेल उघडे ठेवावे की बंद, यावरून वाजले होते. दोघे तोंडे फिरवून बसले. आमटी संपत आली तेव्हा भटजींना राहवले नाही. ‘लोणचें दी मरे,’ ते भिंतीकडे बघत म्हणाले. बरणी सरकली. रात्री दोघे बाल्कांवात एकत्र पान खाताना दिसले. पुढे त्यांची सोयरीक झाली असेही मामा सांगत. हे मला काही पटत नाही, पण मामांना ते सांगताना इतका आनंद व्हायचा की कोण कशाला खोदून विचारील?

मग रस्ते झाले, बसगाड्या आल्या, गॅसोलीन बंद पडली. डिचोलीत येऊन त्याच दिवशी घरी परतता येऊ लागले, तर मुक्कामाला थांबणार कोण! खाणीचे ट्रक दारावरून धूळ उडवत जायचे, थांबायचे मात्र नाहीत. मामा रोज सकाळी दार उघडत, माठ भरत, खोल्याखोल्यांतून धुतलेले तोवाल टांगून येत आणि बाल्कांवात बसून राहत. संध्याकाळी कोरडेच तोवाल पुन्हा काढून घडी घालत. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा गप्प बसलेले पाहिले. मला फार वाईट वाटे.

मामींना जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा मुंबईला. मुलगा सरळ आणि वडिलांची काळजी करणारा. म्हणूनच त्याचे म्हणणे होते, की एका खाणवाल्या कंत्राटदाराला ट्रकांचे टायर ठेवायला इमारत भाड्याने देऊन मामांनी मुंबईला यावे. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘टायर जेवतात रे?’

आणि मग ते वर्ष आले! आधी भाषेचा कायदा झाला, मग गोवा राज्य झाले. चौकाचौकांत भाषणे, फटाके, मिरवणुका. आपले राज्य, आपली कला, आपली माणसे, असे सगळे अंगात आलेले. पण आपली कला करायची कुठे, तर शाळेची घंटा झाल्यावर शाळेच्या पडवीत, तेही हेडमास्तरांच्या मर्जीने. एके दिवशी गावातली मंडळी मामांकडे गेली. ‘मामा, तुमच्या हॉटेलात आमाकां कला केंद्र...’ इतकेच बोलून झाले होते. ‘आसा! जागा आसा!’ मामा ओरडले आणि चाव्या आणायला आत धावले. कला केंद्र म्हणजे काय, हे त्यांनी मग चहा देताना विचारले.

मुलगा काही रागावला नाही. त्याने कळवले, की केंद्राचे उद्घाटन करा, मी त्या दिवशी येतो; घर भरलेले दिसले तर राहू दे तुमचे केंद्र, रिकामेच दिसले तर मात्र टायर, आणि तुम्ही माझ्याबरोबर मुंबईला. मामांनी हे आम्हाला हसत हसत सांगितले. पण सांगताना काउंटरवरची घंटा उगाचच पुसत राहिले.

केंद्र सुरू झाले आणि मामांना पुन्हा जीव आला. तबल्याचा वर्ग खोली नंबर चारमध्ये. पेटीच्या मास्तरांना नदीकडची खोली, कारण ‘पेटीक वारो जाय.’ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात सोडण आणि खांद्यावर तोवाल. गायनाच्या बाई डोळे मिटून आलाप घेत असायच्या आणि दारावर टकटक व्हायची, ‘च्या की कॉफी?’ त्या चिडल्या, तर मामांनी त्यांना जेवायला बसवले. चित्रकलेच्या मुलांनी दोन तास समोर ठेवून चितारलेली फळे मामांनी वर्ग सुटताच कापून त्यांनाच वाढली. आठवड्याभरात ते मला म्हणाले, ‘बाये, कलाकार म्हळ्यार बरें गिरायक. भूक लागता तांकां.’

उद्घाटनाला मराठी नाटक करायचे ठरले. जत्रेतल्यासारखे ऐतिहासिक, तलवारी-बिलवारी असलेले. दिग्दर्शक आणि राजा, दोन्ही आमचे फार्मसीवाले. मी प्रॉम्प्टर, कारण माझा आवाज, नवऱ्याच्या मते, पडद्यातून आरपार जातो. आता या फार्मसीवाल्यांचे आणि त्यांच्या शेजारच्या पोस्टमास्तरांचे त्या वर्षी बोलणे बंद होते. दोघांच्या घरांची भिंत एक, विहीर एक. फार्मसीवाले मराठीवाले आणि पोस्टमास्तर कोकणीवाले. भाषेवरून दोघांत असे काही पेटले होते की विहिरीवरसुद्धा वेगवेगळ्या वेळी जात. गंमत म्हणजे भांडण दोघांनीही कोकणीत केले होते, आणि पोस्टमास्तरांच्या घरी रोज सकाळी मोठ्याने वाचले जात होते ते मराठी वर्तमानपत्र.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आम्ही सालीत पडदा बांधत होतो. एवढ्यात दारात पोस्टमास्तर उभे, मागे त्यांची मंडळी. ‘आमची कोकणी एकांकिका आसा आज. मामांनी साल दिल्या.’ फार्मसीवाल्यांच्या हातातला खिळा पडला. ते काही बोलणार तोच बाहेर टेंपो थांबला आणि त्यातून मयेच्या फुगडीवाल्या बायका उतरल्या, नऊवारी नेसून, फुले माळून, गातच! ‘मामांनी सांगलां, साल आमची.’ आम्ही त्यांना कुठे बसवावे याचा विचार करतो आहोत, तर मागच्या दाराने पेडण्याची दशावतारी मंडळी आत येऊन पोचलीसुद्धा. त्यांनी आपला पेटारा, ज्यात देवाचे मुखवटे आणि सगळी आभूषणे असतात तो, थेट रंगमंचाच्या मधोमध ठेवला, दिवा लावला, नारळ ठेवला आणि हात जोडले.

‘अहो, तो उचला!’ फार्मसीवाले ओरडले. ‘तिथे माझे सिंहासन आहे!’

‘पेटारो एकदा मांडलो,’ त्यांचा म्होरक्या थंडपणे म्हणाला, ‘आता खेळ झाल्याबगर हलाचो नाय.’

मी स्वयंपाकघराकडे धावले. मामा चुलीवर तोणाक, वाटपातली उसळ, ढवळत होते. ‘मामा, ह्या काय केलास? चौघांकय एकच साल?’

मामांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला हसावे की कपाळ बडवावे कळेना. ‘बाये, येतां म्हणपी चार, आनी येवपी एक. हॉटेलाची रीत ती. पन्नास वर्सां पळयतां हांव. एकच मंडळी सांगली आसती आनी ती आयली ना जाल्यार? पूत येतलो, घर रितें पळयतलो.’ ते थांबले. ‘सगळींच आयलीं?’

‘सगळींच!’

क्षणभर त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि लगेच दुसरेच काहीतरी. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला, काउंटरपाशी गेले आणि घंटा अशी बडवली की सालीतले भांडण जागच्या जागी थांबले. ‘आदीं जेवण!’ मामा गरजले. ‘कागाळ मागीर!’

पाववाल्या पोदेराकडून गरम उंडे आले होतेच. मेजे पुन्हा मांडली. मामांनी राजाला आणि पोस्टमास्तरांना समोरासमोर बसवले, मधे बरणी ठेवली. मी ताटे वाढत होते. तोणाक चाखून पाहिले तर त्यात मीठ जवळजवळ नव्हतेच. मुळात घातलेच नव्हते की काढून टाकले, देव जाणे! मी नवऱ्याला खूण केली. आम्ही दोघे श्वास रोखून त्या मेजाकडे बघत राहिलो. फार्मसीवाल्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तोंड वाकडे केले. बरणी पोस्टमास्तरांच्या हाताशी होती. त्यांचेही तोंड वाकडे झाले होते, पण ते अडून बसले होते. शेवटी महाराष्ट्राचा सगळा इतिहास गिळून राजे म्हणाले, ‘लोणचें दी मरे.’

पोस्टमास्तरांनी बरणी उघडली, आधी त्यांच्या ताटात वाढले आणि मग म्हणाले, ‘तुमच्या झाडाच्या तोरांचें न्हय हें. तुज्या बायलेन धाडलेल्या तोरांचें चड बरें जातालें.’ झाले! वर्षभराचे अबोले कैरीच्या एका फोडीवर सुटले. जेवण होईतो दोघांनी मिळून सगळा कार्यक्रम ठरवून टाकला. नाटकाचा एक अंक, मग फुगडी, मग एकांकिका, पुन्हा फुगडी, शेवटी दशावतार. पेटारा हलणार नाही तर न हलो.

आणि काय तो खेळ झाला! मयेहून, आमोण्याहून खाणीचे ट्रक धुऊन त्यांत माणसे भरभरून आली. राजाचा दरबार भरला, मधोमध पेटारा आणि दिवा. आता येणारा प्रत्येक सरदार आधी पेटाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय कसा पुढे जाईल? शत्रूचा हेर आला, त्यानेसुद्धा केला! लोकांना वाटले, किती देवभोळा काळ होता. पोस्टमास्तरांच्या एकांकिकेत दोन भावांच्या वाटण्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तोच पेटारा बापाचा ठेवा करून टाकला आणि त्यावरून असे भांडले की म्होरक्या विंगेतून ‘हात लावू नका हां!’ म्हणून ओरडला. लोकांना तोही नटच वाटला. कोकणीचा प्रॉम्प्टर एवढी गर्दी बघून गळपटला होता, म्हणून तेही मीच सांगितले. माझ्या मालवणी हेलातली कोकणी ऐकून पोस्टमास्तर ऐन रागाच्या प्रसंगात हसले. मी मात्र पुस्तकातली ओळ सोडली नाही.

दुसऱ्या फुगडीला मी पाणी प्यायला बाहेर आले. मामांचा मुलगा संध्याकाळी उशिराने पोचला होता, बॅग हातात घेऊन, आणि दारावर कुणी उरले नव्हते म्हणून कुणीतरी त्यालाच तिथे उभे केले होते. सदरा घामाने भिजलेला, दोन्ही हात चौकटीला लावून तो पाठीने गर्दी थोपवत होता. डोळे आत फुगडीवर. मागून कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला.

‘फाटीं सर!’ तो न वळताच ओरडला. ‘जागा ना! भितर जागा ना!’

हात तसाच राहिला म्हणून त्याने वळून पाहिले. मागे मामा होते. एका हातात चहाच्या कपांचा ट्रे.

‘बाबा!’ त्याचा चेहरा पडला. ‘हांवें पळयलें ना... तुमकां न्हय...’

‘कितें म्हळें तुवें?’ मामांनी विचारले.

‘चुकलों, बाबा.’

‘चुकूंक ना. परतून म्हण.’

मुलाने वडिलांकडे पाहिले. मग आत, खच्चून भरलेल्या सालीकडे. आणि त्याला कळले. मलाही तेव्हाच कळले. तो हळूच म्हणाला, ‘जागा ना, बाबा. एका मनशाक लेगीत जागा ना.’

मामांनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि हसायला लागले. हसता हसता तोवालाने डोळे पुसले. मग ट्रे उचलून बाल्कांवात गेले, जिथे आत न मावलेली माणसे जनेलांतून माना घालून उभी होती, आणि एकेकाच्या हातात कप देत सांगू लागले, ‘भितर जागा ना, खबर आसा? म्हज्या हॉटेलांत जागा ना!’ तेव्हा सुरुवातीला मी जे म्हटले त्यात एवढी दुरुस्ती करावी लागेल. ते शब्द मामांच्या तोंडून एका संध्याकाळी ऐकले होते, आणि पुष्कळांनी ऐकले होते. खेळ मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही.

टायरांचा विषय पुन्हा निघाला नाही. मुलगाच पुढे मुंबई सोडून परत आला आणि काउंटरमागे बसू लागला. मामा नदीकडच्या खोलीत राहत, खालून येणारा तबला ऐकत. शेवटच्या दुखण्यात मी एकदा त्यांच्या उशाशी बसले होते. थट्टेने विचारले, ‘मामा, कितले दीस मुक्काम?’ त्यांनी डोळे उघडले. ‘गॅसोलीन चुकली जाल्यार आनीक एक रात,’ ते म्हणाले, आणि मला चहा विचारला.

ते गेले त्यानंतरची शोकसभा त्यांच्याच सालीत झाली. मला पोचायला उशीर झाला. साल भरली होती, बाल्कांव भरला होता, जिन्याच्या पायऱ्यांवर तबल्याची मुले दाटीवाटीने बसली होती. दारात मामांचा मुलगा कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग आत पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मिटले. मग उठून उभा राहिला, कदेल माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाला, ‘आसा वयनी, जागा आसा.’